तारेखालचा भराव

आमच्या जुन्या घरात पावसाळ्यात पाणी शिरतं. नागोठण्याला अंबा नदी भरली की आमच्या गावचा ओढा पुढे सरकत नाही, मागे फुगतो, आणि गावात सगळ्यांत आधी आमच्या चुलीपाशी येतो. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तांदळाचे डबे माळ्यावर चढवत आले. आता माझ्याने चढवत नाही. म्हणून मुलाने ठरवलं, रस्त्याकडेच्या शेतात भराव करायचा आणि वर नवं घर बांधायचं. मी लगेच हो म्हटलं. शेताचा तुकडा गेला म्हणून मला काही वाटलं नाही. शेत पाण्यात बुडालं तर चालतं, चूल बुडून चालत नाही.

मुलगा डंपर चालवतो. आधी तो नागोठण्याजवळच्या एका कंपनीत ठेकेदाराकडे ड्रायव्हर होता, तीन शिफ्टमध्ये. मग त्याने स्वतःचा जुना डंपर घेतला. आता पेणपासून रोह्यापर्यंत लोकांच्या शेतांत मुरूम टाकत फिरतो. आमच्या भागात सगळे हेच करतात. ज्याच्या घरात पाणी येतं तो शेत उंच करतो, मग ते पाणी शेजाऱ्याकडे जातं, मग शेजारी भराव करतो. मुलाचं काम त्यामुळे कधी थांबत नाही.

आमच्या त्या शेतावरून विजेची लाईन जाते. लोक तिला अकरा हजारची लाईन म्हणतात. एक खांब रस्त्याच्या अलीकडे, दुसरा ओढ्यापाशी, आणि मधल्या झोळात तारा खाली आलेल्या. पन्नासेक वर्षं मी त्या तारांखाली लावणी केली, कापणी केली, कधी वर बघितलं नाही. बघायचं कारणच नव्हतं. भाताच्या चिखलात उभं राहिलं की तार आभाळाइतकी लांब वाटायची.

पण डंपर आणि तार एकत्र आल्यावर काय होतं ते मी पाहिलं होतं. काही वर्षांपूर्वी रिक्षाने रोह्याच्या बाजाराला चालले होते. रस्त्याला लागून एका शेतात भराव चालू होता. डंपरचा हौदा वर उचललेला होता आणि तारेला टेकला होता. आमची रिक्षा थांबली तेव्हा ड्रायव्हर जिवंत होता. केबिनमध्ये बसून इकडेतिकडे बघत होता. त्याला काही झालेलं नव्हतं. लांबून लोक ओरडत होते, "अरे उतर! उतर लवकर!" त्याने दार उघडलं, एका हाताने दाराची कडी धरली आणि पायरीवरून एक पाय जमिनीवर टेकवला. तेवढंच. मोठा आवाजही झाला नाही. पडला तो परत हलला नाही. रिक्षात माझ्या शेजारी बसलेल्या बाईने पिशवीतली भाजी खाली सांडली आणि ती बराच वेळ तशीच राहिली.

संध्याकाळी मी हे मुलाला सांगितलं. तेव्हा तो कंपनीत कामाला होता. जेवता जेवता म्हणाला, "उतरायचंच नाय, आये. आम्हाला शिकवलंय. तार लागली तर सीटवरून हलायचं नाय. लोकांना लांब ठेवायचं, लाईन बंद होईपर्यंत बसून राहायचं. गाडीला आग लागली तरच उडी मारायची, तीपण दोन्ही पाय जोडून. गाडीला हात असताना जमिनीला पाय लावायचा नाय."

"आणि मग पळायचं?"

"पळायचं नाय. पाय जुळवून उड्या मारत लांब जायचं. पाऊल टाकलं की एक पाय इकडे, एक तिकडे, मधून करंट जातो."

त्याने चुलीपुढे उठून उड्या मारूनही दाखवल्या. सून हसून हसून वाकली. "बेडूक दिसताय," म्हणाली. मग त्याने कंपनीच्या गेटचं सांगितलं. गेटवर आडवा पिवळा दांडा, त्याला लोंबणाऱ्या साखळ्या. हौदा चुकून वर राहिला असेल तर आधी साखळ्या वाजतात. आत जिथे जिथे वर तार आहे तिथे तिथे अशी कमान. साखळी वाजली की गाडी जागेवर थांबवायची, नाहीतर साहेब घरी पाठवतो. मला ते आवडलं. साखळी वाजवायला अक्कल लागत नाही, ती आपोआप वाजते.

हे सगळं ज्याला पाठ होतं तोच माझा मुलगा. म्हणून पुढचं सांगते.

कापणी झाल्यावर भरावाला सुरुवात झाली. त्याने तारेच्या पलीकडून, म्हणजे घर जिथे होणार तिथून, काम सुरू केलं. तारेखालचा पट्टा होता तसा खाली ठेवला होता. रस्त्यावरून आत यायचं, हौदा खाली ठेवून तारेखालून जायचं, पलीकडे मुरूम टाकायचा, हौदा बसवून परत यायचं. मी शेजारच्या तुकड्यात वालाची राखण करत होते. वालावर माकडं येतात, म्हणून मी दोरीला रिकामे डबे बांधून ठेवले होते. माकडं आली की दोरी ओढायची. दिवसभर एका बाजूला माझे डबे आणि दुसऱ्या बाजूला डंपर, असा खडखडाट चालायचा.

घराची जागा छातीइतकी उंच झाली. मग मुलगा म्हणाला, आता मधला पट्टा भरू, अंगण होईल, गाडी थेट दारात येईल. त्याने कडेने थोडा मुरूम पसरूनही टाकला. एका सकाळी मी त्याला चहा द्यायला त्या नव्या मुरुमावर चढले आणि मला गुणगुण ऐकू आली. आधी वाटलं मधमाशा असतील. वर बघितलं तर तार. इतक्या वर्षांत मी तिचा आवाज कधी ऐकला नव्हता.

मी म्हटलं, "ही तार खाली आली का रे?"

"तार कशाला खाली येईल? माझ्या जन्माआधीपासून हाय तिथंच हाय."

"मग तू वर आलास."

त्याने वर बघितलं, चहा प्यायला आणि म्हणाला, "लांब हाय गो आये. हौदा पुरता नाय उचलणार. अर्धा उचलून पाडतो."

आमच्या लोकांची हीच चूक होते, आणि ती मी बऱ्याच जणांकडे नंतर बघितली. तारेची उंची आम्हाला जुन्या शेताची आठवते. डोक्यात ती तशीच बसलेली असते. खालची जमीन आपणच डंपर डंपर करून वर आणली हे कोणी धरत नाही. आणि शेत आपलं असलं की भीती वाटत नाही. कंपनीत हेल्मेट घालणारा माणूस स्वतःच्या शेतात बनियनवर काम करतो.

मी त्याला सांगितलं, तिथे हौदा उचलायचा नाही. तो बरं म्हणाला. त्याचं बरं मला माहीत आहे.

दोन दिवसांनी माझा धाकटा भाऊ पेणहून आला. पेणला माझ्या माहेरी गणपतीच्या मूर्तींचं काम आहे. आता भाचे कारखाना बघतात, पण मोठी मूर्ती ट्रकवरून जायची असली की अजून माझ्या भावालाच बोलावतात. तो बांबू घेऊन ट्रकवर उभा राहतो. बांबूच्या टोकाला लाकडाचं बेचकं. गल्लीत तार आडवी आली की बेचक्यात धरून वर उचलतो, खालून गणपती सरकतो. पेणमध्ये हे काम करणारे पुष्कळ आहेत, पण माझ्या भावाला त्याचा गर्व आहे. त्या दिवशी तो टेम्पोतून बांबूसकट उतरला. मी समजले, ह्याला माझ्याच मुलाने बोलावलंय.

"वालाच्या शेंगांची पोपटी खायला आलास की काय?" मी विचारलं.

"पोपटीपण खाईन. आधी भाच्याचं अंगण भरून देतो. ताय, तू बघच. मी बेचक्यात तार वर धरतो, तो खालून मुरूम पाडतो. दुपारपर्यंत मोकळे."

"धरशील कुठे उभा राहून?"

"त्याच मुरुमावर."

"मुळीच नाही. वर चढू नकोस."

"अगो, दर वर्षी गणपती नेतो मी. आजपर्यंत एवढ्या तारा उचलल्या, एक तरी चावली का मला?"

"चावली असती तर सांगायला आला असतास?"

मुलगा मध्ये पडला. "आये, मामाला अनुभव हाय. तू वालाकडे जा. माकडं आलीत बघ."

माकडं आली नव्हती. डंपर भरून रस्त्यावर उभा होता. मी घरात गेले, प्लास्टिकची खुर्ची उचलली, आणि तारेच्या बरोबर खाली, जिथे मुरूम पडायचा होता तिथे टाकून बसले. सुनेला सांगितलं, "वायरमनला फोन लाव." आमचा वायरमन शेजारच्या वाडीतलाच, सुनेकडे त्याचा नंबर होता. दर वादळाला लागतो.

मुलगा केबिनमधून ओरडला, "आये, ऊठ!"

"तू टाक. माझ्यावर टाक."

"लोक बघतायत."

"बघू देत. रोह्याच्या रस्त्यावरपण बघतच होते."

त्याला कळलं मी कशाबद्दल बोलते ते. पण मुरूम भरून आलेला, पुढच्या फेरीला दुसरीकडे बोलावलेलं, पावसाआधी पाया घालायचा, गवंडी रोज फोन करणारा. त्याने इंजिन बंद केलं आणि दार जोरात आपटलं. भाऊ खुर्चीशेजारी उकिडवा बसून तंबाखू मळू लागला. "म्हातारपणी हट्टी झालीस," म्हणाला.

"मी लहानपणापासून आहे. तू विसरलास."

वायरमन मोटरसायकलवरून आला. मला खुर्चीवर बघून म्हणाला, "मावशी, उपोषण काय?" मग वर बघितलं आणि त्याचं हसू गेलं. त्याने कुणाला काही न विचारता मला हाताला धरून उठवलं, खुर्ची लांब नेऊन ठेवली, मग म्हणाला, "इथे बसा. तिथे बसूपण नका."

भावाने त्याला बांबू दाखवला. "सुका हाय," म्हणाला. "लाकडाचं बेचकं. लोखंड कुठे नाय."

वायरमनने बांबूवरून हात फिरवला आणि पंजा भावापुढे धरला. ओला होता. टेम्पोत पहाटेचं दव पडलं होतं.

"मामा, तुम्ही उचलता त्या गल्लीतल्या घरगुती तारा. त्याही उचलू नयेत. आजवर वाचलात ते वाचलात. ही घरगुती नाय. हिला शिवायलापण लागत नाय. जवळ गेलात की ती स्वतः येते. बांबूला, हौद्याला, छत्रीला, कशालाही."

"लाईन बंद करून दे की मग तासभर," मुलगा म्हणाला.

"आज बंद करीन. तू आज भरशील. उद्या चालू करीन. मग तार तुझ्या अंगणात माणसाच्या डोक्यावर. पावसात तुझी बायको छत्री घेऊन निघेल, गवंडी सळई उभी करील, बोरवेलवाला पाइप उभा करील. किती वेळा बंद करू?"

मीही एवढा विचार केला नव्हता. मला फक्त डंपर दिसत होता. घर झाल्यावर त्या अंगणात आम्हीच राहणार, हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

मग वायरमनने सांगितलं ते असं. तारेखालचा पट्टा भरायचा नाही, टाकलेला मुरूम काढायचा, पण जेसीबीने नाही, कारण त्याचाही हात वर जातो. फावड्या-घमेल्याने काढायचा. लाईन बाजूला सरकवायला ऑफिसात अर्ज करायचा. ते होईपर्यंत तारेच्या दोन्ही बाजूंना, तारेपासून लांब, खांब रोवून आडवं काहीतरी बांधायचं, म्हणजे ड्रायव्हरला आधीच समजेल. आणि हौदा उचलताना एक माणूस नुसता तारेकडे बघायला उभा ठेवायचा, त्याने दुसरं काही करायचं नाही.

"कंपनीच्या गेटवर असतो तसा दांडा," मी मुलाला म्हटलं. "साखळ्यांवाला."

"ते कंपनीत, आये."

"कंपनीत तू साहेबाचा माणूस. इथे तू कोणाचा?"

तो डंपर घेऊन निघून गेला. तो मुरूम त्याने दुसऱ्याच्या शेतात टाकला. भाऊ पोपटी न खाता पेणला गेला. रागात बांबू आमच्याकडेच टाकून गेला.

दुसऱ्या दिवशी मी आणि सुनेने दोन्ही बाजूंना बारीक पण उंच काठ्या रोवल्या. जागा वायरमनने पायाने रेघ ओढून दाखवली होती. वालावरची डब्यांची दोरी सोडून ती दोन तुकड्यांत बांधली. हौदा खाली असलेला डंपर खालून जाईल, वर असलेला अडकेल, एवढी उंच. शिडीवर सून चढली, मी खाली शिडी धरली. एकमेकींना शिव्या देत काम झालं. रस्त्यावरून जाणारे विचारायला लागले, शिमगा लवकर आला का. मुलाने दोरी बघितली, खालून डंपर घालून पलीकडे गेला. माझ्याशी बोलणं त्याने बंदच केलं होतं. जेवायला वाढलं की जेवायचा. तारेखालचा मुरूम मात्र त्याने दोन माणसं लावून घमेल्याने उपसून काढला. तेवढं ऐकलं. हौदा उचलताना तारेवर नजर ठेवायला मी होतेच. डबे गेल्यामुळे वाल माकडांनी अर्धा खाल्ला.

असेच काही दिवस गेले. मग एका दुपारी तो घराच्या जागेवर शेवटच्या फेऱ्या टाकत होता. मुरूम ओला होता, हौद्याला चिकटत होता. त्याने हौदा पुरता उचलून दोन-तीन हिसके दिले. मुरूम पडला. तेवढ्यात गवंड्याचा फोन आला. फोन कानाला लावून त्याने डंपर पुढे काढला, रस्त्याच्या दिशेने. हौदा वरच.

मी तारेकडेच बघत होते. ओरडले. इंजिनापुढे माझा आवाज काय ऐकू जाणार? हात हलवले तर तो फोनवर, माझ्याकडे बघेना. एवढं मला कळलं की नजर ठेवणारं माणूस ड्रायव्हरला दिसेल असं समोर उभं राहिलं पाहिजे, वालात बसून उपयोग नाही.

हौद्याची कड दोरीला लागली. डबे खडखडले, एक काठी मोडली, दोरी हौद्यावर ओढली गेली आणि सगळे डबे पत्र्यावर आपटायला लागले. गाडी गचका खाऊन थांबली. हौदा आणि तार यांच्यात मोकळी जागा होती. बरीच होती. वायरमनने रेघ लांब ओढली होती म्हणून होती.

तो उतरला नाही. मी जवळ जायला निघाले तर त्याने काचेतून तळहात दाखवला, थांब म्हणून. आधी मान बाहेर काढून वर बघितलं. मग हौदा हळूहळू खाली बसवला. नंतरही बराच वेळ केबिनमध्येच होता. फोनमध्ये गवंडी ओरडत असणार, कारण त्याने फोन सीटवर टाकलेला मला दिसला.

मग उतरला. मोडलेली काठी बाजूला फेकली. जुन्या घराच्या मागे गेला आणि मामाचा बांबू घेऊन आला. खड्डा खोल केला, बेचकं वर ठेवून बांबू उभा केला, मुरूम ठासला, आणि दोरी त्या बेचक्यात अडकवली. चेपलेले डबे हाताने सरळ करत बसला. गाठी नीट मारल्या.

मी पाणी नेलं. त्याने पिऊन तांब्या परत दिला.

"आये," म्हणाला, "डबे कमी पडतायत. घरात अजून हायेत का?"

"गोडेतेलाचा एक आहे."

"तो मोठा हाय. तो मधे बांधू."

घर झालं. पावसाच्या आधी छप्पर चढलं. लाईन सरकवायचा अर्ज दिला आहे, माणसं येऊन मापं घेऊन गेली, अजून सरकवलेली नाही. म्हणून घराच्या पुढे अंगण नाही, तिथे जुनं शेत तसंच खाली आहे. ओढा फुगला की पाणी तिथे येऊन थांबतं, दारात येत नाही. मी त्यात भात लावते. पाहुणे विचारतात, दारात हा खड्डा कसला. सून सांगते, सासूबाईंची खुर्ची इथे होती.

मुलगा आता दुसऱ्यांच्या शेतात मुरूम टाकायला जातो तेव्हा डंपरमध्ये दोरी आणि डबे असतात. काही मालक हसतात. एकाने तर सांगितलं, असले खेळ करायचे तर दुसरा डंपर बोलावतो. त्याने दुसरा बोलावला. मुलगा परत आला.

भाऊ अजून ट्रकवर उभा राहतो. नवा बांबू केला आहे त्याने. ह्या वेळी गणपतीच्या आधी मी त्याला फोन केला, मोठी मूर्ती निघायच्या आधी वायरमनकडून लाईन बंद करून घे म्हणून. तो म्हणाला, "ताय, तू तुझे डबे सांभाळ." मी फोन ठेवला. संध्याकाळी परत लावला. मूर्ती पोचेपर्यंत लावत राहिले.